झाडं खरंच झोपतात का?

चि. ओवी,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर फार फुरंगटली होतीस. संध्याकाळी आजीबरोबर प्रभात रोडवर फिरताना तुला अनंताचं फूल हवं होतं, आणि आजी म्हणाली, "तिन्हीसांजा झाल्या, आता झाडाला हात लावू नये. झोपलंय ते." तू विचारलंस, "बाबा, झाडं खरंच झोपतात, की आजी उगीच सांगते?"

आजी उगीच सांगत नाही गं. गल्लीच्या तोंडाशी चिंच आहे ना, तिचं एक पान दुपारी नीट बघून ठेव आणि दिवेलागणीला परत बघ. दिवसा पसरलेली इवली पानं संध्याकाळी जोडीजोडीनं एकमेकांना चिकटलेली दिसतील. प्रत्येक पानाच्या देठाच्या बुडाशी बारीकसा फुगवटा असतो. त्यातल्या एका बाजूच्या पेशींमधलं पाणी कमी झालं की पान मिटतं, भरलं की उघडतं. फ्रान्समधल्या द मेराँ नावाच्या शास्त्रज्ञानं १७२९ साली लाजाळूसारखं एक झाड अंधारात ठेवून पाहिलं. ऊन दिसत नसतानाही त्याची पानं वेळेवर उघडत-मिटत राहिली! सकाळ झाली हे त्या झाडाला आतूनच कळत होतं.

आंबा, वड, पिंपळ मात्र अशी पानं मिटत नाहीत, आणि तुझा अनंतही नाही. मग त्यांनाही हात का लावायचा नाही? मला वाटतं, ते पाखरांसाठी असावं. अंधार पडायच्या आधी वडावर साळुंक्या किती कलकलाट करतात, ऐकलंयस ना? जागेवरून भांडतात, मग एकदम गप्प होतात. त्यानंतर कुणी फांदी ओढली तर सगळ्या घाबरून उठतील, आणि अंधारात जाणार कुठे? शिवाय पानाआड काय बसलंय ते आपल्यालाही दिसत नाही.

प्राजक्ताची गोष्ट वेगळी. तो रात्री उमलतो आणि पहाटे आपणहून सडा घालतो. एरवी जमिनीवर पडलेलं फूल देवाला वाहत नाहीत, प्राजक्ताचं चालतं. म्हणून तर आजी सकाळी परडी घेऊन निघते. तिच्याबरोबर एकदा लवकर उठून जा.

इथे दुबईत मी ऊन उतरल्यावर फिरायला जातो. वाटेत घाफची झाडं लागतात. घाफ म्हणजे आपली शमी, दसऱ्याला आजी पूजा करते तीच. इथल्या लोकांनी २००८ साली तिला आपलं राष्ट्रीय झाड ठरवलं. एवढ्या वाळूत ती हिरवी राहते, कारण मुळं फार खोल जातात. अंधार पडला की तिलाही मी हात लावत नाही. तुझ्या आजीनंच मला लहानपणी लावलेली सवय आहे ती.

आता एक काम कर. चिंच किती वाजता मिटते ते चार दिवस वहीत लिही. रस्त्यावरचा मोठा पर्जन्यवृक्षही बघ, आभाळ भरून आलं की तो दिवसाही पानं मिटतो. अनंताचं फूल सकाळी घे, पण आधी ज्यांचं झाड आहे त्या काकूंना विचार.

तुझा,
बाबा