एकतर्फी राज्यातली वेगळी शहरे

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त टेक्सासमधील ऑस्टिन येथे राहतो. टेक्सास हे रिपब्लिकन पक्षाचे हुकमी राज्य समजले जाते, पण त्याच्या शहरात म्हणे त्या पक्षाला फारशी मते पडत नाहीत. मग निकाल दर वेळी एकाच बाजूने कसा लागतो? आपल्याकडेही असे घडते का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे खरे आहे. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत टेक्सासने १९७६ नंतर एकदाही डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल दिलेला नाही; तरीही २०२० मध्ये ऑस्टिनच्या ट्रॅव्हिस काउंटीत बायडेन यांना ७० टक्क्यांहून अधिक मते मिळाली. राज्यभरात त्यांना ५२ लाखांवर मते पडली, म्हणजे त्यांच्या पक्षाचा बालेकिल्ला असलेल्या न्यूयॉर्कपेक्षा किंचित जास्तच. परंतु ट्रम्प यांची मते ५८ लाखांच्या पुढे गेली आणि पहिल्या आलेल्या उमेदवाराला राज्याची सर्व इलेक्टोरल मते (अध्यक्ष निवडण्यासाठी प्रत्येक राज्याच्या वाट्याला आलेली मते) देण्याचा तिथला नियम असल्यामुळे ती सगळी ३८ मते ट्रम्प यांच्या खात्यात जमा झाली. नेब्रास्काचा नियम निराळा आहे. तिथे पाचपैकी तीन इलेक्टोरल मते मतदारसंघनिहाय दिली जातात, त्यामुळे १९६४ नंतर डेमोक्रॅटिक पक्षाकडे न झुकलेल्या त्या राज्यातही ओमाहा शहराच्या मतदारसंघाने २००८, २०२० आणि २०२४ मध्ये आपले एक मत त्या पक्षाच्या पारड्यात टाकले.

मात्र शहर म्हणजे डेमोक्रॅटिक, असा ठोकताळा बांधू नये. टेक्सासमध्येच लबक हे मोठ्या विद्यापीठाचे शहर रिपब्लिकन आहे. गुजरातेत तर चित्र नेमके उलटे दिसते : २०१७ मध्ये सौराष्ट्राच्या ग्रामीण भागात काँग्रेसने मुसंडी मारली असता १८२ पैकी ९९ जागांवर आलेल्या भाजपची सत्ता सुरत, अहमदाबाद, वडोदरा अशा शहरांनी राखली.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर २०२४ च्या विधानसभेत महायुतीची लाट असतानाही इस्लामपूर, तासगाव-कवठेमहांकाळ आणि पलूस-कडेगाव विरोधकांकडे राहिले, आणि सांगली व मिरज ही शहरे भाजपकडे. साखर कारखाना, विकास सोसायटी, दूध संघ यांच्याशी ज्याचे ऊसबिल आणि पीककर्ज बांधलेले असते, त्या शेतकऱ्याचे नेत्याशी नाते पेठेतल्या व्यापाऱ्यापेक्षा वेगळे असते, हे त्यामागचे एक कारण मला दिसते. ते पुरेसे नाही, हेही खरे. कारण त्याच निवडणुकीत शेजारच्या साताऱ्यात आठही जागा महायुतीला मिळाल्या आणि कराड उत्तरमध्ये सह्याद्री कारखान्याचे अध्यक्ष बाळासाहेब पाटील पराभूत झाले.

विश्रामबागेचा कल पाहायचा असल्यास निवडणुकीनंतर प्रसिद्ध होणारा फॉर्म २० पाहावा. त्यात प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मते पडली ते दिलेले असते. टपाली मते त्यात केंद्रवार नसतात, आणि केंद्रांची फेररचना होत असल्याने जुन्या निकालाशी तुलना करताना क्रमांकावर न जाता मतदार यादीतला भाग पडताळून घ्यावा.