परस्पर संमतीने वेगळं व्हायचंय? आधी एवढं करा

ताई, तुम्हाला नवऱ्यापासून परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचाय, पदरात मुलगी आहे. अशा वेळी दोघंही बोलायला तयार आहात हीच मोठी गोष्ट आहे. गेली अनेक वर्षं मी मध्यस्थीचं काम करते, म्हणून सांगते.

आधी मुलीचं ठरवा, मग पैशाचं. ‘मुलगी आईकडे, बाबा भेटत राहतील’ इतकं मोघम लिहू नका. परवाच एका जोडप्याने शाळेच्या वहीत लिहून काढलं: शनिवारी सकाळी दहाला बाबा न्यायला येणार, रविवारी सहाला सोडणार, गणपतीत पहिले दोन दिवस कोणाकडे. भांडणं असल्या बारीक गोष्टींवरूनच पेटतात.

मग गृहकर्ज, एफडी, पीएफ, विमा यांची यादी करा. स्त्रीधन, म्हणजे लग्नात आणि नंतर तुम्हाला मिळालेले दागिने-भेटी, तुमचंच आहे, ते वाटणीत धरू नका.

नेहमीच्या चुका:
- रागाच्या भरात व्हॉट्सॲपवर अटी पाठवणं.
- मामा-काकांना बैठकीला बसवणं.
- ‘सुटले एकदाची’ म्हणून पोटगी सोडून देणं. ही फार महागात पडते.

सह्या झाल्या म्हणजे घटस्फोट झाला असं नाही, न्यायालयाचा हुकूमनामा लागतोच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली अर्जाआधी किमान १ वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर ६ महिने थांबायचं असतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार योग्य प्रकरणात ही मुदत माफ होऊ शकते.

मारहाण किंवा धाक असेल, तर मात्र बैठक नको, आधी वकील गाठा. बाकी कराचं वगैरे नंतर बघू. आज फक्त वही घ्या आणि मुलीचा आठवडा लिहून काढा.