मनीषनगरचा फ्लॅट, मामेबहीण आणि तीस टक्के

पुण्यात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. नागपुरात मनीषनगरला त्यांच्या आईच्या नावावर टू-बीएचके आहे. आई आता त्यांच्याकडेच असते. १७ हजार भाडं देणारे भाडेकरू पुढच्या महिन्यात जागा सोडताहेत. जवळच राहणारी मामेबहीण म्हणते, एअरबीएनबीवर, म्हणजे पाहुण्यांना रात्रीच्या हिशेबाने घर देण्याच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर टाकू या, मी को-होस्ट (सहयजमान) होते, सगळं सांभाळते, येईल त्यातले ३० टक्के माझे. फर्निचर आणि एसीसाठी आईची ४ लाखांची एफडी मोडावी लागेल. मोडू का?

ताई, आत्ता मोडू नका.

तुमचा हिशेब असा आहे: महिन्याला १८ रात्री, रात्रीचे २,५००, म्हणजे ४५ हजार. बहिणीचे साडेतेरा हजार वजा केले तरी साडेएकतीस हजार उरतात, भाड्याच्या जवळपास दुप्पट. १८ रात्रींचा तुमचा आकडा मी जसाच्या तसा मान्य करते आणि पुढचा खर्च मांडते. प्लॅटफॉर्मची फी १५ टक्के धरली तर ६,७५० गेले. पाहुणे साधारण दहा वेळा बदलणार. दर वेळी झाडझूड, बाथरूम, चादरी-टॉवेलची धुलाई मिळून ७०० धरा, म्हणजे ७ हजार. वीज, वायफाय, गॅस ६ हजार, कारण एसीचं बिल पाहुणा भरत नाही आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या आसपास असतो. किरकोळ दुरुस्ती १ हजार. आईच्या एफडीवरचं व्याज ७ टक्क्यांनी धरलं तर महिन्याला सुमारे २,३०० बुडणार. हे सगळं वजा जाता आईच्या हाती साडेआठ हजारही पडत नाहीत. बहिणीला मात्र साडेतेरा हजार मिळतात.

बहीण लबाड आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. काम खरंच तेवढं आहे. एक पाहुणा अकराला निघतो, दुसरा दोनला येतो, आणि त्या तीन तासांत बाई आली नाही तर पांढऱ्या चादरीवरचा हळदीचा डाग बहिणीलाच घासावा लागणार. रात्री साडेअकराला एसी ट्रिप झाला की फोन तिलाच येणार, तुम्ही पुण्याहून फार तर माफी मागू शकता. खोट आहे ती वाटणीत. ३० टक्के एकूण जमेवर ठरले आणि सगळा खर्च आईच्या वाट्याला आला. तोच वाटा खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर धरला तर बहिणीला सुमारे ७,३०० आणि आईला, व्याजाचं नुकसान वजा करून, सुमारे १४,७०० मिळतात. तेही भाड्यापेक्षा कमीच. नुसती १७ हजारांची बरोबरी साधायला वर्षभर दर महिन्याला २० रात्री भराव्या लागतील.

नागपुरात २० रात्री भरणारे महिने नक्की आहेत. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, दसऱ्याला दीक्षाभूमी, जामठ्याला क्रिकेटचा सामना असला की शहरात खोली मिळत नाही. विमानतळ, मिहान (विमानतळाजवळचं उद्योग-क्षेत्र), एम्स या बाजूला तुमचा फ्लॅट सोयीचाही आहे. पण ताडोब्याचं कोअर क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असतं, आणि हंगामातला पर्यटकही जंगलाजवळच मुक्काम करतो, शहरात जेमतेम एक रात्र. दोन चांगल्या महिन्यांच्या भरवशावर आईची एफडी मोडणं मला पटत नाही. त्यातून सोसायटी. रोज नवे चेहरे लिफ्टमध्ये दिसू लागले की दुसऱ्याच आठवड्यात सेक्रेटरींचा फोन येतो, आणि सोसायटीच्या लेखी परवानगीबद्दल तुमच्या पत्रात काही नाही.

कराचा मुद्दा इथे निर्णायक नाही. आईचं एकूण उत्पन्न नव्या करप्रणालीतल्या १२ लाखांच्या सवलतीत सहज बसतं. मात्र पुढे कधी हा प्रयोग केलात तर एक गोष्ट सोडू नका: लिस्टिंग, पॅन आणि पैसे जमा होणारं खातं, तिन्ही आईचंच हवं. बहिणीच्या खात्यात पैसे गेले तर घर एकीचं आणि जमा दुसरीची असा घोळ होतो आणि विवरणपत्र भरताना दोघी अडकतात. को-होस्टला किती अधिकार द्यायचे हे निवडता येतं. कॅलेंडर आणि पाहुण्यांशी बोलणं एवढंच बहिणीला द्या. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन फॉर्म भरून सरकारला कळवावी लागते. ते कोण करणार, हेही आधीच कागदावर घ्या. मामेबहीण आहे म्हणूनच कागद हवा. मोडलेल्या गीझरचे पैसे कोणी द्यायचे यावरून दिवाळीतलं येणं-जाणं बंद झालेली घरं मी पाहिली आहेत.

मग आत्ता काय करायचं? फ्लॅट पुन्हा भाड्यानेच द्या. मिहानमधले नोकरदार, एम्समधले डॉक्टर असे लोक त्या भागात जागा शोधत असतातच. लिव्ह अँड लायसन्सचा ११ महिन्यांचा करार करा आणि तो रजिस्टर करा, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे. बहिणीची मदतही घ्या. भाडेकरू दाखवणं, प्लंबर बोलावणं, महिन्यातून एकदा चक्कर मारणं यासाठी तिला वर्षाला एका महिन्याचं भाडं ठरवून द्या. तिला महिन्याला साडेतेरा हजारांची आशा होती, त्यामुळे हे ऐकून ती नाराज होईल. तिच्यासमोर वरचाच हिशेब ओळीओळीने मांडा, आकडे लपवू नका.

आणि हे बोलणं आईला शेजारी बसवून करा. फ्लॅट तिचा, एफडी तिची, पण तिला काय हवंय हे तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही. वर्षातून महिनाभर तरी नागपुरात, आपल्या घरात राहावं असं तिच्या मनात असेल तर वरचा सगळा हिशेब बदलतो. तिला विचारा आणि मला कळवा, मग आपण नव्याने मांडू.