सह्या आणि दुधाचे दात

तुम्ही विचारलंय: "शास्त्रज्ञांनी आधी अणुबाँब बनवला आणि मग त्याच्याविरुद्ध पत्रकं काढत, सह्या गोळा करत फिरले. त्याचा कधी काही उपयोग झाला का, की ती नुसती मनाची टोचणी होती?"

उपयोग झाला. पण माझ्या मते सह्यांपेक्षा मोजमापाचा जास्त झाला. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, त्यामुळे हा पक्षपात धरून चाला.

आधी सह्या. आइन्स्टाइनच्या सहीने १९३९मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना जे पत्र गेलं, ज्यात अशा बाँबची शक्यता सांगितली होती, त्यामागे लिओ झिलार्ड हा भौतिकशास्त्रज्ञ होता. त्याच झिलार्डने जुलै १९४५मध्ये नंतरचे अध्यक्ष ट्रुमन यांच्यासाठी अर्ज लिहिला: शरणागतीच्या अटी जपानला आधी जाहीर सांगा, त्याशिवाय बाँब टाकू नका. सत्तर जणांनी सह्या केल्या. अर्ज लष्कराच्या हातून पुढे जायचा होता, तो ट्रुमनपर्यंत पोचलाच नाही. अर्ज टेबलावर कसा मुरतो हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

टोचणी म्हणाल तर जोसेफ रोटब्लॅट. हा पोलंडचा भौतिकशास्त्रज्ञ. हिटलरच्या आधी बाँब आपल्याकडे हवा म्हणून अमेरिकेत तो जिथे बनत होता त्या लॉस अलामॉसला गेला आणि जर्मनीला ते जमणार नाही हे कळल्यावर १९४४च्या अखेरीला चंबूगबाळं आवरून निघाला. त्या कारणासाठी बाहेर पडलेला तो एकटाच. मला मात्र तो आवडतो दहा वर्षांनंतरच्या कामासाठी.

१ मार्च १९५४ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर १५ मेगाटनांचा हायड्रोजन बाँब उडवला. लांब समुद्रात 'लकी ड्रॅगन' नावाची जपानी मासेमारी बोट होती, वर २३ जण. त्यांच्या अंगाखांद्यावर, डेकवर पांढरी राख भुरभुरत राहिली. रेडिओ सांभाळणारा कुबोयामा सप्टेंबरात वारला. अमेरिकी अधिकारी सांगत होते, फार घाबरण्यासारखं काही नाही. निशिवाकी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने बोटीवरचे आकडे रोटब्लॅटला दिले. त्याने गणित मांडलं. एवढा किरणोत्सार नुसत्या हायड्रोजनच्या भागातून येणं शक्य नाही. बाहेर युरेनियमचं वेष्टण असणार आणि शेवटी तेही फुटत असणार. सरकारने गुप्त ठेवलेली रचना पठ्ठ्याने राखेवरून ओळखली.

पुढचं बरंचसं तुम्ही वाचलं असेल. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि आइन्स्टाइन यांचा अण्वस्त्रांविरुद्धचा जाहीरनामा ९ जुलै १९५५ला लंडनमध्ये वाचला गेला, त्यावर अकरा सह्या. विमानात असताना पायलटने आइन्स्टाइन गेल्याची बातमी सांगितली तेव्हा रसेलला वाटलं, आता सगळं बारगळलं. पॅरिसला उतरून हॉटेलवर गेला तर आइन्स्टाइनचं होकाराचं पत्र तिथे त्याची वाट बघत होतं. त्यानंतरची शास्त्रज्ञांची बैठक नेहरूंच्या निमंत्रणावरून दिल्लीत व्हायची होती. १९५६च्या सुएझ कालव्यावरच्या युद्धाच्या भानगडीत ती राहिली आणि १९५७मध्ये कॅनडातल्या पगवॉश नावाच्या खेड्यात झाली. आणि एक दुरुस्ती: त्या अकरांपैकी लॉस अलामॉसला काम केलेला रोटब्लॅट एकटाच. म्हणजे "ज्यांनी बनवला तेच विरोधात गेले" हे सरसकट खरं नाही.

आता दात.

मुलांना मी आवर्तसारणी काढायला लावतो. कॅल्शियमच्या बरोब्बर खाली कोण? स्ट्रॉन्शियम. एकाच घरातली भावंडं, शरीराला फरक नीट कळत नाही. उघड्यावर बाँब उडवला की स्ट्रॉन्शियम-९० वर जातं, पावसाबरोबर गवतावर येतं, गवत गाय खाते, दूध मूल पितं आणि मूल ते कॅल्शियम समजून हाडात साठवतं. निम्मं व्हायला सुमारे २९ वर्षं लागतात. पण हाड कापून मोजायला कोण देणार? दुधाचा दात मात्र आपोआप पडतो.

अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात काही शास्त्रज्ञ आणि गृहिणी एकत्र आल्या आणि १९५८च्या अखेरीस त्यांनी मुलांचे पडलेले दात मागायला सुरुवात केली. आमच्याकडे आजी तो कौलांवर फेकायला लावायची. तिथे तो पाकिटात घालायचा, सोबत कार्डावर मुलाची जन्मतारीख आणि बाकी माहिती. बदल्यात बिल्ला मिळायचा: मी माझा दात विज्ञानाला दिला. शाळाशाळांतून, चर्चमधून पाकिटं आली. सगळे मिळून तीन लाखांच्या वर दात जमले. काम बघणाऱ्या डॉक्टर लुईझ रीस यांनी १९६१मध्ये पहिले निष्कर्ष छापले: पन्नाशीच्या दशकात जसजशा चाचण्या वाढल्या, तसतसं नंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम-९० वाढलेलं. पुढे हिशेब लागला तेव्हा १९६३मध्ये जन्मलेल्या मुलांत ते १९५०च्या मुलांपेक्षा सुमारे पन्नास पट निघालं.

जाहीरनाम्यांसारखा 'मानवजात' हा शब्द यात कुठेही नाही बघा. आईच्या हातात स्वतःच्या लेकराचा दात आहे आणि त्यात अमेरिकेने नेवाडाच्या वाळवंटात चाचणीसाठी उडवलेला बाँब आहे. तिला आणखी कोणी काही पटवून द्यायची गरज उरत नाही.

लायनस पॉलिंग या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मात्र दोन्ही केलं, सह्याही आणि आकडेही. लॉस अलामॉसचं बोलावणं त्याने नाकारलं होतं. जानेवारी १९५८मध्ये त्याने अणुचाचण्या थांबवा म्हणणाऱ्या नऊ हजारांवर शास्त्रज्ञांच्या सह्या संयुक्त राष्ट्रांकडे दिल्या. १९६०मध्ये अमेरिकी सेनेटच्या उपसमितीने विचारलं, या सह्या गोळा कोणी केल्या ते सांगा. तो म्हणाला, सह्या करणाऱ्यांची नावं घ्या, ती उघडच आहेत. गोळा करणाऱ्यांची देणार नाही. तुरुंगाची टांगती तलवार होती, तरी दिली नाहीत. एप्रिल १९६२मध्ये तर त्याने कमाल केली: दिवसा व्हाइट हाउसबाहेर फलक घेऊन निदर्शनं आणि त्याच रात्री आत अध्यक्ष केनेडींकडे नोबेलवाल्यांच्या मेजवानीला, सूट घालून.

५ ऑगस्ट १९६३ला मॉस्कोत करार झाला: हवेत, पाण्यात, अवकाशात चाचण्या बंद. १० ऑक्टोबरला तो लागू झाला, त्याच दिवशी पॉलिंगला शांततेचं नोबेल जाहीर झालं. १९६२च्या क्युबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचाने अमेरिका आणि रशिया, दोन्ही बाजूंची टरकली होती, हेही कारण होतंच, सगळं श्रेय दातांना देत नाही. पण नंतरच्या मुलांच्या दातांतलं प्रमाण उतरत गेलं, हा आकडा कोणी नाकारू शकत नाही.

आणि अपयश? करार झाला आणि चाचण्या जमिनीखाली गेल्या. दुधात काही येईना, तशा आयाही शांत झाल्या. अण्वस्त्रं मात्र वाढत वाढत १९८६च्या सुमारास सत्तर हजारांवर पोचली.

आपल्याकडचं विचाराल तर धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी. गणिती, मूळ गोव्याचे, पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाणारे. जागतिक शांतता परिषदेचं काम करायचे आणि भारताने अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेवर भर द्यावा म्हणून भांडायचे, तेही भाभांच्या संस्थेत बसून. १९६२मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. मे १९९८मध्ये पोखरणनंतर निषेध करणारे भारतीय शास्त्रज्ञही होते. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. कोसंबींचं लिखाण तोवर वाचलेलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

दरवर्षी वर्गात एक तरी पोरगं विचारतं, सर, त्या दातांचं पुढे काय झालं? २००१मध्ये सेंट लुइसजवळ त्यातले उरलेले सुमारे ८५ हजार दात सापडले. कार्डांसकट, नीट ठेवलेले, दारूगोळ्यासाठी बांधलेल्या एका जुन्या कोठारात.