एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) शिबिरात गावकऱ्यांसाठी मृद व जलसंधारणाचा कोणता कार्यक्रम ठेवावा?

तुमचं सात दिवसांचं शिबिर जानेवारीत पुरंदर तालुक्यातल्या एका गावात आहे आणि तज्ज्ञांचं व्याख्यान ठेवलं तर लोक येतील का, असं तुम्ही विचारलंय. लोक येतील, मन लावून ऐकतीलही. पण दुसऱ्या दिवशी रानात काही वेगळं होणार नाही. गेली बारा वर्षं मी पुण्याहून दिवेघाट चढून त्या भागातल्या गावांत याच कामासाठी जातोय. माझं सांगणं एकच आहे: गावाला पाण्याचा हिशोब शिकवा, आणि तो गावाच्याच विहिरींवर शिकवा.

पहिल्या दिवशी पहाटेच निघा, मोटारी चालू व्हायच्या आत. दोरीला किंवा टेपला वजन बांधायचं, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं, काठावर ऑइलपेंटने नंबर टाकायचा. मालक शेजारी उभा हवाच. आणि बायकांना मुद्दाम बोलवा. एका गावात आम्ही टेप सोडायच्या आधीच काठावरच्या एका आजी म्हणाल्या, "दसऱ्यापासून चार हात उतरलंय." एक हात म्हणजे दीड फूट; आमच्या ऑक्टोबरच्या नोंदीशी ताडून पाहिलं तर बरोबर सहा फुटांचा फरक निघाला. पोहऱ्याची दोरी रोज त्यांच्याच हातात असते. त्या दिवशी पुढचं सगळं आजींनीच समजावलं आणि गाव कान देऊन ऐकत होतं.

दहा-बारा विहिरींचे आकडे शाळेच्या भिंतीवर, गावाच्या नकाशावर लिहिले की लोक आपापसांत बोलू लागतात. आपल्याकडचा खडक काळा पाषाण. त्यात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेही बेताचंच. 'माझी विहीर' म्हणतो खरं, पण तिचं पाणी तीन जणांच्या रानाखालून आलेलं असतं. ही गोष्ट समोरच्या आकड्यांतून कळली की 'तुझा बोअर, माझी विहीर' हे भांडण जरा वेगळ्या जागी येतं.

मातीसाठी झारी पुरते. दोन पसरट ट्रे घ्या, दोन्हींत त्याच गावातली माती भरा. एक उघडा ठेवा, दुसऱ्यावर पाचट किंवा गवत अंथरा. दोन्ही सारखेच तिरपे ठेवून झारीने पाणी घाला आणि खाली वाहून येणारं पाणी काचेच्या बरण्यांत धरा. बरण्या रात्रभर चावडीवर राहू द्या. सकाळी उघड्या ट्रेच्या बरणीत तळाला गाळाचा जाड थर बसलेला दिसतो. आपलं रान दर पावसाळ्यात नाल्याला किती माती देतं, ते त्या थरापेक्षा स्पष्ट मी कुणाला सांगू शकलेलो नाही.

श्रमदानात समपातळी चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत राहणारे चर खोदणार असाल तर आधी समपातळी म्हणजे काय ते नीट शिका. एका टेकडीवर आम्ही घाईघाईत डोळ्यांच्या अंदाजाने चर आखले. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी चराच्या खालच्या टोकाला गोळा झालं, चर तिथे फुटला आणि उतारावर नवी ओघळ पडली. माती वाचवायला गेलो आणि आमच्यामुळेच ती वाहून गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून गावातल्या गवंड्याला त्याच्या लेव्हलच्या नळीसह सोबत घेतो. पारदर्शक नळी, तिच्यात पाणी, दोन टोकांना खुणा केलेल्या दोन काठ्या. दोन्हीकडे पाणी एकाच खुणेला आलं की त्या दोन जागा एका पातळीत. हे तो रोज करतो, त्यामुळे तुमच्या मुलांपेक्षा तोच चांगलं शिकवेल. काम माथ्यापासून पायथ्याकडे आणा. नाल्यातला बांध आधी घातला तर वरून येणाऱ्या गाळानेच तो भरतो.

आता अवघड भाग, जो बहुतेक कार्यक्रमांत राहून जातो: अडवलेलं पाणी वाटायचं कसं? एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. हजार हेक्टरांच्या शिवारावर 500 मिलिमीटर पडला तर 500 कोटी लिटर. आकडा ऐकून लोक हरखतात. मग त्यातलं किती उडून जातं, किती वाहून जातं, ते मांडा आणि शेवटी उसाचं गणित घाला. ऊस वर्षभर उभा असतो, त्याला 1500 ते 2500 मिलिमीटर पाणी लागतं. इथे सभा शांत होते. ती शांतता मोडू नका.

याच तालुक्यातल्या नायगावात 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा कुणाकडे किती जमीन आहे यावर ठरला नाही, घरात माणसं किती यावर ठरला: माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. उसाला बंदी, आणि भूमिहीनालाही वाटा. तुमच्या विद्यार्थ्यांना एक दिवस तिकडे घेऊन जा. शेजारच्या जिल्ह्यातलं हिवरे बाजार दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं, तेही सांगा. पण आपल्याच तालुक्याचं उदाहरण जास्त भिडतं.

मदतीला पुण्यातच माणसं आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय इथेच आहे. त्यांच्या निरीक्षण विहिरींची मोजणी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये होते, म्हणजे तुमचा महिना नेमका जुळतोय. यशदात, म्हणजे राज्य सरकारच्या प्रशिक्षण संस्थेत, जलसाक्षरता केंद्र आहे. भूजलाचं शास्त्र सोप्या भाषेत समजून घ्यायचं असेल तर अ‍ॅक्वाडॅम या भूजलावर काम करणाऱ्या संस्थेकडे जरूर जा.

आणि मे महिन्यात परीक्षा संपली की दोन-तीन मुलांना पुन्हा त्याच गावी पाठवा. त्याच नंबरच्या विहिरी मोजून आकडे जानेवारीच्या आकड्यांशेजारी, त्याच भिंतीवर लिहायला सांगा. तेवढा एसटीचा खर्च आत्ताच बाजूला काढून ठेवा.