यादी मागितलीस म्हणून

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बातम्यांचे चॅनेल बंद केलेस हे दोन ओळींत उरकलंस ते बरं केलंस, त्याबद्दल आपण एकमेकांची पाठ थोपटायची गरज नाही. तू अडली आहेस ती पुढे. एकाच भाषणावर दोन ब्लॉग वाचलेस, दोन्ही लिहिणारे अभ्यासू, आणि दोघं एकाच भाषणाबद्दल बोलताहेत यावर विश्वास बसेना. मग मला लिहिलंस, "काका, डोळे मिटून वाचावेत असे चार-पाच ब्लॉग सांगा, बाकीचे मी सोडून देते."

नावं देतो. पण चार पानी पत्रात ते भाषण तू स्वतः वाचलंस की नाही, याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. मूळ कागद उघड. हे मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे, तू वैतागलीस तरी.

28 जून 2012 चा दिवस घे. ओबामांच्या आरोग्य विमा कायद्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निकालपत्र हाती पडताच सीएनएन आणि फॉक्स न्यूज यांनी जाहीर करून टाकलं की प्रत्येकाने विमा घेण्याची सक्ती रद्द झाली. सुरुवातीच्या पानांवर सरन्यायाधीशांनी खरोखरच लिहिलं होतं की व्यापाराचं नियमन करण्याच्या तिथल्या संसदेच्या अधिकारात ही सक्ती बसत नाही. तिथेच वाचणं थांबलं. पुढच्या पानांवर तीच सक्ती कर म्हणून वैध ठरवली होती. स्कॉटसब्लॉग नावाचा ब्लॉग, एका वकील जोडप्याने 2002 मध्ये सुरू केलेला, थोडा उशिरा बोलला आणि बरोबर बोलला. त्यांच्याकडे कुठली गुप्त माहिती नव्हती. तोच कागद होता, त्यांनी पुढची पानं उलटली.

हा ब्लॉग तुझ्या यादीत पहिला. पण लगेच हेही ऐक: 2025 मध्ये तो दुसऱ्या एका माध्यमसंस्थेने विकत घेतला. त्याच वर्षी फाइव्हथर्टीएट बंद पडलं. 2008 मध्ये एका माणसाच्या निवडणूक-आकडेमोडीतून ते सुरू झालं होतं, नंतर एका मोठ्या माध्यमसमूहाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं. ज्या नावांवर डोळे मिटून भिस्त ठेवायची म्हणतेस, त्यांचं हे असं होतं. मालक बदलतात, लिहिणारे थकतात. कागद वाचायची सवय मात्र तुझी तुझ्याजवळ राहते.

ही सवय ब्लॉगांच्याही आधीची आहे. आय. एफ. स्टोन या अमेरिकी पत्रकाराने 1953 ते 1971 स्वतःचं छोटं वार्तापत्र चालवलं. त्याला ऐकू कमी यायचं, म्हणून पत्रकार परिषदांत बसण्यापेक्षा तो सरकारी अहवाल आणि सुनावण्यांची इतिवृत्तं वाचायचा. 1957 मध्ये नेवाडात भूमिगत अणुचाचणी झाली. तिचे हादरे 200 मैलांपलीकडे नोंदले गेले नाहीत, असं अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने सांगितलं. याला महत्त्व होतं, कारण हादरे लांबवर पोचत असतील तर चाचणीबंदीवर नजर ठेवता येते. स्टोन भूकंप नोंदवणाऱ्या सरकारी खात्याकडे गेला. 2,600 मैलांपर्यंतच्या केंद्रांवर नोंद झालेली निघाली. आयोगाला आपलं म्हणणं दुरुस्त करावं लागलं. ती नोंद सरकारच्याच एका कार्यालयात पडून होती, जाऊन विचारायचा अवकाश होता.

एलियट हिगिन्सचंही तेच. 2012 मध्ये इंग्लंडमधल्या घरी बसून त्याने 'ब्राउन मोझेस' हा ब्लॉग सुरू केला. अरबी येत नव्हती, युद्धभूमीवर कधी गेला नव्हता. सीरियातले व्हिडिओ एकेक करून बघायचा आणि शस्त्रं ओळखायचा. त्यातूनच 2014 मध्ये बेलिंगकॅट उभं राहिलं. 2014 मध्ये पूर्व युक्रेनवर पाडलं गेलेलं मलेशियाचं प्रवासी विमान एमएच 17, ते पाडणारा क्षेपणास्त्र-वाहक कुठून आला, हे त्यांनी लोकांनी सहज काढलेल्या फोटोंवरून जुळवत नेलं, आणि प्रत्येक फोटो वाचकापुढे ठेवला. पटत नसेल तर तू स्वतः जुळवून बघ, असा तो व्यवहार आहे. हे दुसरं नाव. तिसरं टॉकिंग पॉइंट्स मेमो, अमेरिकेच्या राजकारणावरचं, 2000 पासूनचं. ते एका बाजूला झुकलेलं आहे, आणि ते लपवत नाहीत. झुकण्याला माझी हरकत नाही. पुरावा न दाखवण्याला आहे. आणि आपल्या संसदेतलं विधेयक समजून घ्यायचं असेल तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च. तिथे सारांश मिळतो आणि मूळ विधेयकही. सारांशावर थांबू नकोस.

आता माझं सांगतो. एके काळी मीही एका ब्लॉगवर डोळे मिटून विश्वास टाकला होता. तो लिहायचा उत्तम, आणि मला न आवडणाऱ्या माणसांवर तुटून पडायचा; खरं सांगायचं तर मी त्याच्या प्रेमात पडलो ते त्या दुसऱ्या कारणाने. एकदा त्याने एका नेत्याचं वाक्य दिलं. मधे तीन टिंबं होती. ते वाक्य वाचून मी पेटलो, आणि त्या नेत्याची बाजू घेणाऱ्या माझ्या जुन्या मित्राला नको ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "पूर्ण वाचलंस का?" मी म्हणालो, वाचायची गरज नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या भाषणाची प्रत हातात आली. तीन टिंबांच्या जागी अकरा शब्द होते. त्यांत तो नेता सांगत होता की हे मत त्याचं नाही, विरोधकांचं आहे, आणि तो ते खोडून काढणार आहे. मी मित्राला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. आजवर आलेलं नाही.

म्हणून सांगतोय, मूळ कागद उघड! तुझ्या पत्रात "सगळं वाचायला वेळ कुठे असतो" असं वाक्य आहे, ते वाचून मला राग आला. एका भाषणावरचे दोन लांबलचक लेख वाचायला वेळ होता ना? दहा विषयांवर मत बाळगायची सक्ती कुणी केली आहे? दोन विषय घे, त्यांचे कागद वाच, बाकी आठांबद्दल "मला माहीत नाही" म्हण. मी हे वर्षानुवर्षं करत आलोय. चार लोकांत बोलणं रंगलेलं असताना मी विचारतो, मूळ निवेदन कुणी पाहिलंय का? लोकांना ते खटकतं, मला बोलावणं कमी झालं. पण त्या अकरा शब्दांनंतर मी दुसरं काय करायला हवं होतं? मला तरी अजून सुचलेलं नाही, आणि माझा हट्ट चुकीचा आहे असं मला कुणी पटवूनही दिलेलं नाही.

ब्लॉग पारखताना बघ: मूळ दस्तऐवजाचा दुवा आहे का, आणि तो उघडतो का. चूक झाली तर तारखेसह कबूल केलेली दिसते का, की मजकूर गुपचूप बदललेला असतो. पैसा कुठून येतो हे लिहिलंय का. आणि अवतरणात टिंबं दिसली की थांब.

तू म्हणतेस त्या भाषणाची पूर्ण प्रत मी मिळवली आहे, सोबत जोडतोय. सतरा पानं आहेत. तुझे दोन्ही ब्लॉगवाले चौदाव्या पानावरून भांडताहेत आणि दोघांनीही तेरावं पान सोडलंय. वाचून झालं की तुला काय दिसलं ते कळव. मला काय वाटलं ते तोवर सांगणार नाही.

तुझा,
काका