दोन कंत्राटांमधले कोरे महिने

"मॅडम, कंत्राट संपून सात आठवडे झाले. आता मला कुणी बोलावणारच नाही."

प्रोग्रामर असो, अनुवादक असो की व्हिडिओ संकलक, स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांकडून हे वाक्य समुपदेशक म्हणून मी इतक्यांदा ऐकलंय, की त्यातला 'च' मला आधी ऐकू येतो.

पुण्यातले हे गृहस्थ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) सहा वर्षं सॉफ्टवेअर चाचणीची कामं कंत्राटावर घेत होते. सकाळी साडेसातपासून रात्री अकरापर्यंत अर्ज. शेजाऱ्यांना 'वर्क फ्रॉम होम' सांगायचं. घाबरून दर तीस टक्क्यांनी उतरवला, तर समोरच्यांनाच शंका यायला लागली.

"कुणी बोलावणार नाही, हे कशावरून?"

"सात आठवडे झाले ना!"

"याआधी असं किती वेळा झालं?"

सांगता येईना. पुढच्या भेटीला सहा वर्षांची बँक स्टेटमेंट्स आणायला सांगितली. कागदावर 72 चौकोन आखले. कामाचा महिना हिरवा, बाकी कोरा. 58 हिरवे, 14 कोरे. खंड पाच, त्यातला सर्वांत मोठा चार महिन्यांचा.

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे हे दरवेळी झालंय. आणि दरवेळी मला वाटलं, आता संपलं."

त्यानंतर मी मुद्दाम गप्प राहिले. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझी भिस्त आहे: घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्ट जास्त छळतो. 'दर महिन्याला पैसे आलेच पाहिजेत' हा पगारदाराचा हट्ट नोकरी सुटली तरी त्यांच्याकडेच राहिला होता. महिनाभर धीर देऊन जे झालं नसतं, ते त्या 14 कोऱ्या चौकोनांनी केलं, याचं मला आजही समाधान आहे.

"या कोऱ्या महिन्यांचे पैसे दरात धरलेत?" मी विचारलं.

नव्हते. घरखर्च, विमा, कर मिळून वर्षाला 18 लाख लागत. त्याला 240 दिवसांनी भागून ते दिवसाला 7,500 सांगत. खरं तर आठवड्याचे पाच या हिशोबानं वर्षाचे 260 दिवस. त्यातून खंडाचे 52, सण-रजा-आजारपणाचे 28 वजा. उरतात 180, आणि दर होतो 10,000. घाबरून दर पाडला त्याआधीच ते स्वस्तात काम करत होते!

राखीव रकमेतही हमखास चूक होते: फक्त खंड मोजला जातो. नवं काम 1 तारखेला सुरू झालं तरी बिल महिनाअखेरीस जातं, पैसे अनेकदा त्यापुढे 45 दिवसांनी, तेही टीडीएस (ग्राहकाकडेच कापला जाणारा कर) वजा होऊन. म्हणून सर्वांत मोठ्या खंडाचे चार अधिक पैसे हाती येईपर्यंतचे अडीच, अशा साडेसहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात हवा. प्रत्येक बिलातला पाचवा हिस्सा आधी तिकडे वळवा. कराचे पैसे त्यात मिसळू नका, नाहीतर आगाऊ कर भरताना नेमका तिथेच खड्डा पडतो. जीएसटी नोंदणी असेल तर काम नसतानाही शून्य विवरणपत्र भरावंच लागतं; विसरलात तर विलंब शुल्क.

काम संपल्यावर शोध सुरू करणं सर्वांत महागात पडतं. आठ आठवडे आधी चालू ग्राहकाला मुदतवाढीबद्दल लेखी विचारा, जुन्या ग्राहकांना मोकळं होण्याची तारीख कळवा. तरी खंड पडलाच, तर सकाळी तीन तास शोध; त्यात ओळखीच्यांना रोज दोन फोन, अनोळखी अर्ज नंतर. दुपारी एखादं नवं कौशल्य, पाचनंतर लॅपटॉप बंद. ग्राहकाचं बजेट कमी असेल तर काम कमी करा, दर तोच ठेवा. उतरवलेला दर पुढच्या कंत्राटातही पाठ सोडत नाही. आणि झोप दोन आठवडे उडाली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर हे सगळे हिशोब बाजूला ठेवून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर फोन करा.

अकराव्या आठवड्यात त्यांना सहा महिन्यांचं काम मिळालं, दिवसाला 9,000 दरानं. सही करण्याआधी त्यांनी मोबाइलमध्ये बरोबर चार महिन्यांनंतरची आठवण लावली: 'मुदतवाढीचं विचारणे'.